उलट्या बांधणीची भामा

नवीन पनवेल
९ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्वी,

सर्वप्रथम तक्रार. गेले चार दिवस मी माझ्या स्वतःच्या घरातल्या संडासात आडवा होऊन शिरतो आहे. पॅसेजमध्ये पुस्तकांचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेत, त्यामुळे दार निम्मंच उघडतं, आणि उरलेल्या फटीतून जाण्याइतका मी आता कृश राहिलेलो नाही. चोपन्न वर्षांच्या, व्यवस्थेवर नेमाने कोरडे ओढणाऱ्या स्तंभलेखकाला रोज सकाळी पोट आत घेऊन, श्वास रोखून, खेकड्याच्या चालीने विधीला जावं लागणं लोकशाहीला शोभणारं नाही. मी निषेधाचं पत्रक काढणार होतो. सुनंदा म्हणाली, आधी गठ्ठे हलवा. कुठे हलवायचे ते मात्र ती सांगत नाही, कारण रिकामी खोली एकच आहे आणि ती तुझी नि सत्यजीतची होती.

मायन्यात नुसतं ‘चि.’ पाहून नाक मुरडू नकोस. ‘चि. सौ.’ लिहिलं तर तू चिडणार, ‘सौ.’ गाळलं तर सुनंदा, ती अजून तुझी सासूच आहे. कोर्टाचे कागद अजून व्हायचेत. तोवर मुलाच्या वेगळ्या राहणाऱ्या बायकोला सासऱ्याने काय म्हणावं, याची सोय कुणी करून ठेवलेली नाही.

फोनच केला असता. पण मार्चमध्ये तू सत्यजीतबरोबर आमचं अख्खं घर ब्लॉक केलंस. मी काय केलं होतं? मी फक्त त्याचा बाप आहे, आणि तेही मला विचारून ठरलेलं नाही. म्हणून कुरिअर. कुरिअरवाला तुझ्या माहेरचा पत्ता वाचून म्हणाला, “विचुंबे? साहेब, नदीवरचा पूल ओलांडला की आलं. चालत गेलात तरी पोचाल.” म्हटलं, पोचेन रे, पण आत घेतील असं पावतीवर लिहून देतोस का? त्याने वजन केलं आणि पावती फाडली.

तर ‘भामा निघाली’ पुस्तक होऊन आलं. साप्ताहिकाच्या तरुणांच्या पानावर दर गुरुवारी येणारी आपली चित्रकथा. शब्द माझे, चित्रं तुझी, भांडण दोघांचं. आठवतंय ना, जेवणाच्या टेबलावर मी चिठ्ठ्यांवर संवाद लिहायचो आणि तू त्यातले निम्मे खोडून म्हणायचीस, “बाबा, हे तिच्या भुवईत आलंय, परत तोंडाने कशाला?” एका भुवईपायी माझे किती विनोद वाया गेले, त्याचा हिशोब मी देवाकडे मागणार आहे.

सोळा वर्षांची भामा पहिल्या पानावर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पिते आणि सगळं घर तिला एकाच वेळी उपदेश करतं. मग पानापानाने ती लांब जाते. कामोठ्याचा क्लास, खारघरच्या मैत्रिणीचा उंच फ्लॅट, स्टँड, नाका. प्रत्येक पानावर कुणीतरी विचारतं, “कुठे चाललीस?” आणि ती दर वेळी नवी थाप मारते. शेवटच्या पानावर महामार्गाच्या पुलावरून पाठीला सॅक लावून चाललेली, पाठमोरी. तिथे तिला विचारायला कुणी नाही. ते पान तू माझ्याशी न बोलता काढलंस, मी त्याला शब्द द्यायचं नाकारलं, आणि ते तसंच मुकं छापलं गेलं. पुढच्या आठवड्यात तू घर सोडलंस. या दोन गोष्टींचा संबंध लावायला मी समीक्षक नाही.

सोबत दोन प्रती. एक तुला, एक तुझ्या पप्पांना. मी अजून पुस्तक उघडलेलं नाही. पहिल्यांदा तू उघडावंस असं वाटलं.

तुझा
(नातं विचाराधीन)
उदयसिंह


नवीन पनवेल
१५ नोव्हेंबर

चि. पूर्वी,

उत्तर मिळालं. एक प्रत परत, आणि तिच्या आतल्या कोऱ्या पानावर मी. चष्मा, शबनम, सुटलेलं पोट, सगळं नेहमीच्या प्रेमाने काढलंयस. फक्त दोन्ही पावलं उलटी, टाचा पुढे. सोबत शब्द एकही नाही.

सुनंदाने चित्र पाहिलं आणि म्हणाली, “उलटी पावलं भुताची असतात. काय केलंत तुम्ही?”

“काहीच नाही.”

“काहीच न करता कुणी कुणाला भूत करत नाही.”

म्हणून शेवटी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर पूल. पाठमोरी भामा. मला वाटलं, तू काहीतरी आधुनिक केलं असणार. पान उलटलं तर नाका. मग स्टँड. मग खारघर. मग कामोठे. आपण प्रत्येक पान स्वतंत्र रचलेलं, कुठल्याही गुरुवारी नवीन माणसाला कळावं म्हणून, त्यामुळे गोष्ट कुठेच अडखळत नाही. पोरगी जगभर भटकून एकेक पाऊल मागे घेत येते, आणि शेवटच्या पानावर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गरम चहा पिते. सगळं घर भोवती गोळा. समाप्त.

सुनेला घरी बोलावणारी गोष्ट, आणि लेखक म्हणून कव्हरवर सासऱ्याचं नाव. गठ्ठेच्या गठ्ठे. तुझ्या जागी मी असतो तर पावलांवर थांबलो नसतो, मुंडकं उलटं काढलं असतं.

तसाच जुन्या पनवेलात जैनुद्दीन मुल्लांच्या बाइंडिंगच्या दुकानात गेलो. जैनूभाई शाळांची रजिस्टरं बांधतात, मदरशाची उर्दू पुस्तकं बांधतात, आणि दिवाळीच्या आधी आमचे अंक बांधतात. मी पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं.

“हे काय केलंत?”

त्यांनी पुस्तक उचललं, पाठ दाबून पाहिली. “मस्त बांधलंय की.”

“उलटं बांधलंय!”

“सांगितलं तसं बांधलंय. प्रेसवाले बोलले, हे जपानी टाइप आहे, उजवीकडून उघडणारं. मी म्हटलं, उजवीकडून? ते तर आमचं रोजचं काम. उर्दू किताब दुसरीकडून कुठून उघडते? हात आपोआप चालतो, साहेब.”

प्रेसमध्ये गेलो. तिथे तुझी सूचना चिकटवून ठेवलेली: ‘मांगासारखं हवं.’ तुझ्या मनात त्या जपानी चित्रकथांचा आकार आणि कागद. प्रेसवाल्या पोराने मोबाइलवर मांगा म्हणजे काय ते पाहिलं, पुस्तक कुठून उघडतं तेही पाहिलं, आणि मन लावून तसंच करायला सांगितलं. कव्हर मात्र आधीच छापून ठेवलेलं, आपलं नेहमीचं, डावीकडून उघडणारं.

“म्हणजे पोटात जपान आणि पाठीवर पनवेल?” मी परत येऊन जैनूभाईंना विचारलं.

“ते मला माहीत नाही. एक पान हलतंय का, ते सांगा.”

मी हलवून पाहिलं. हलत नव्हतं. इतकी मजबूत चूक मी सरकारी कामातसुद्धा पाहिलेली नाही. चुका अडाणीपणाने होतात अशी माझी समजूत होती. इथे प्रत्येकाला आपापलं काम उत्तम येत होतं.

दुरुस्ती होते. कव्हर फाडायचं, डिंक लागलेली कड मशीनवर कापायची, दुसऱ्या कडेला बांधायचं, वर नवीन कव्हर. आठ दिवसांचं काम. जैनूभाई म्हणाले, “घेऊ का करायला?”

मी म्हटलं, “सांगतो.”

सांगतो का म्हटलं, ते आत्ता विचारू नकोस.

तुझा सरळ पावलांचा
उदयसिंह


नवीन पनवेल
२३ नोव्हेंबर

चि. पूर्वी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीही जैनूभाईंना अजून सांगितलेलं नाही. गठ्ठे पॅसेजमध्येच आहेत. मला आता तिरकं चालायची इतकी सवय झाली आहे की काल बाजारात समोरून बाई आली आणि मी भिंतीला लागून उभा राहिलो. बाईने पर्स घट्ट धरली.

दरम्यान पुस्तक घरात फिरतं आहे. मी कुणाला दिलं नाही. उघडं पडलेलं होतं.

सुनंदाने ते दुपारी एका बैठकीत संपवलं. माझं एकही पुस्तक तिने एका बैठकीत वाचलेलं नाही. एकावर तर ती इस्त्री टेकवायची. शेवटच्या, म्हणजे खरं तर पहिल्या पानाशी ती बराच वेळ थांबली. मग भामाच्या हातातल्या कपावर बोट ठेवून म्हणाली, “हा आपला कप. कान तुटलेला. मी टाकून दिला होता तो. तिने लक्षात ठेवून काढलाय.” आणि आत जाऊन मोठ्या आवाजात भांडी लावत बसली.

रविवारी सत्यजीत आला. तीन वर्षांच्या लग्नात बायकोचं एक पान न वाचलेला माझा मुलगा उभ्याउभ्या अख्खं पुस्तक वाचून गेला. म्हणाला, “शेवटी घरी आणलीत ते बरं केलंत.” मग जरा वेळाने, “तिनेच असं काढलंय?” मी हो म्हणालो. खोटं बोललो हे तुला कळवतो आहे. त्याला कळवलेलं नाही.

एक प्रत घेऊन ग्रंथालयात गेलो होतो. ग्रंथपालांनी चाळली आणि रंगवायच्या पुस्तकांशेजारी ठेवली. मी म्हटलं, अहो, ही सोळा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. ते म्हणाले, “त्या वयाची मुलं इथे अभ्यासिकेत येतात. पंख्याखाली. पुस्तकांकडे नाही.” मग मला समजावत म्हणाले, “आणि एवढ्या घोड्यांना चित्रं कशाला?” मी त्यांना विचारणार होतो की तुमच्या टेबलामागे ते बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर कशाला. पण त्यांच्याकडे माझी तीन पुस्तकं आहेत. धूळ खात का होईना, आहेत.

तर आता एक सुचवतो. चिडायच्या आधी पूर्ण वाच. हे असंच राहू दिलं तर?

कारणं देतो. एक म्हणजे कागद वाचेल. दुसरं, जैनूभाईंची ती बांधणी तोडणं हा कलेवर अत्याचार आहे. तिसरं, गोष्ट चालते. माझ्या मते थोडी जास्तच चालते. सरळ वाचली तर ती मुलगी का जाते ते तू कुठे सांगितलंयस? मी टेबलावर विचारलं होतं, तर म्हणालीस, “जाते म्हणून जाते.” उलटं वाचताना असा प्रश्न कुणाला पडत नाही. घरी येणाऱ्या माणसाला कुणी कारण विचारत नाही.

हे मी गमतीने लिहिलं आहे.

पत्र बंद करून पुन्हा उघडलं. गमतीने लिहिलेलं नाही. एक उलटी प्रत माझ्या उशाशी आहे आणि झोपताना मी शेवटचं पान पाहतो. झालं. आता चिड.

उदयसिंह


नवीन पनवेल
३० नोव्हेंबर

चि. पूर्वी,

मागच्या पत्रातलं तिसरं कारण रद्द समज. बाकीची दोन तशीही कारणं नव्हती.

कामोठ्याच्या क्लासवाल्यांकडे मी दोन प्रती ठेवल्या होत्या. काल त्यांनी बोलावलं, मुलींना लेखकाशी बोलायचंय म्हणून. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. जिन्यातच आभा आणि अंकिता अशा बारावीतल्या दोघी भांडत उभ्या. मला बघून थांबल्या नाहीत, उलट मलाच पंच केलं.

“काका, शेवट कडक आहे,” आभा म्हणाली. “ती जाते आणि एकदाही मागे बघत नाही. बास.”

“जाते काय? येते ना!” अंकिता. “किचनमध्ये चहा पिते लास्टला.”

“तू उलटं वाचलंस.”

“उलटं तू वाचलंस. कव्हर कुठल्या साइडला आहे बघ की.”

आभा दिवसभर मोबाइलवर मांगा वाचते. सवयीने तिने पुस्तक मागच्या कव्हराकडून उघडलं होतं. कोणीही न सांगता अख्ख्या पनवेलात तिनेच एकटीने आपलं पुस्तक बरोबर वाचलं. तिने अंकिताला तसं धरायला लावलं. अंकिता तिथेच पायरीवर बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. मी आणि आभा तिच्या डोक्यावर उभे. क्लासचे सर दोनदा डोकावून गेले. पुलाचं पान आलं तशी ती थांबली.

“शी,” म्हणाली. “मी उगाच खूश झाले होते. एवढं फिरून परत त्याच स्टुलावर? वेस्ट ना.”

माझ्याच्याने राहवलं नाही. “घरी आली तर वाईट काय गं?”

“वाईट नाही काका. पण मग ‘भामा आली’ नाव ठेवा ना पुस्तकाला.”

पंचवीस वर्षं लोकांना टोमणे मारून मी पोट भरतो आहे. इतका नेमका टोमणा मला एकदाही जमलेला नाही. सर भाषणाला बोलवायला आले तेव्हा माझ्याकडे भाषण उरलं नव्हतं.

खाली येऊन रिक्षात बसलो आणि घरी न येता विचुंब्याला वळवली. तू घरी नव्हतीस. तुला हे कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो, कारण तुझे पप्पा सांगणार नाहीत.

ते अंगणात बुलेट पुसत होते. मला बघून म्हणाले, “या याही.” माझ्या ‘व्याही’तला ‘व’ ते नेहमी गिळतात. मग फडका हातातच राहिला. “याहीच ना अजून? कागद झालं?”

“नाही अजून.”

“मंग याहीच. बसा. मालू, पानी आन गो.”

तुझी आई पाणी ठेवून आत गेली. खुर्चीवर आपलं पुस्तक होतं, कोपरे वळलेलं. “यो मी सगला वाचला,” तुझे पप्पा म्हणाले. “जनमात पयला पुस्तक. आमची पोरगी शेवटाला घरा येते. बरा लिवलाय तुमी.”

मी म्हटलं, “घरी म्हणजे आमच्या घरी, बळीरामशेठ.”

ते असे हसले की जणू मी लहान आहे. “तुमचे? नाय याही. नीट बगा. ही खिरकी बगा. बाहेर शेवग्याचा झार. यो आमचा रांदनीचा घर हाय.”

मी पाहिलं. खिडकी तुमची होती. शेवगा तुमचा होता. कप आमचा होता. तू दोन्ही घरांचं मिळून एकच स्वयंपाकघर काढलं होतंस, आणि आम्ही दोघे बाप त्यात आपापली वस्तू ओळखून खूश झालो होतो.

“ती चाललीय,” ते एकदम म्हणाले. “बेंगळुरूला. चित्रांच्याच कामाला. धा तारखेला.”

मला हे माहीत नव्हतं. मी पाणी प्यायलो.

“मी तिला बोललो, इकरं काय कमी हाय? वरचा अख्खा माला तुज्या नावानी करतो. ती बोलली, पप्पा, पुस्तक वाचलास ना? मी बोललो, वाचला. ती बोलली, उलटा वाचलास. चार दिस झालं, धड बोलत नाय माजेशी. वाचनाराची काय चूक सांगा?”

मग मी त्यांना सांगितलं की पुस्तक खरंच उलटं आहे. प्रेस, जैनूभाई, सगळं. पहिलं पान कुठलं आणि शेवटचं कुठलं ते दाखवलं. त्यांनी पूल बघितला.

“मंग दुरुस्त नाय केला तर?”

“तर ती येत राहील.”

“आन केला तर?”

“जाईल.”

“दोगांच्या बी घरानशी?”

“हो.”

ते पुन्हा बुलेट पुसायला लागले. टाकी पुसून झाली, आरसा पुसून झाला, पुन्हा टाकी. मी उठणार एवढ्यात त्यांनी विचारलं, “किती दिस लागतील बांदनीला?”

“आठ.”

त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. “धा तारखेच्या आदी व्हते,” म्हणाले, आणि मालूताईंना हाक मारून चावी मागितली. मला आयुष्यात पहिल्यांदा बुलेटवर बसावं लागलं. जैनूभाईंच्या दुकानापर्यंत मी डोळे मिटून होतो. ते वाऱ्यामुळे.

उदयसिंह


नवीन पनवेल
९ डिसेंबर

प्रिय पूर्वी,

पुस्तकं झाली. सोबत पहिली प्रत.

आठही दिवस तुझे पप्पा बाइंडिंगच्या दुकानात बसून होते. तुला त्यांनी खडीच्या गाड्यांचं काम आहे असं सांगितलं असणार. गाड्या तुझा भाऊ हृतिक बघत होता. दुकानात एक प्रत बांधून खाली ठेवली की ते उचलत, पहिलं पान उघडत, म्हणत, “घर.” मग शेवटचं, “पूल.” मग बाजूला ठेवत. तिसऱ्या दिवशी जैनूभाई वैतागले.

“शेठ, माझ्या कामावर शक आहे का?”

“शक नाय चाचा. पोरगीची चीज हाय.”

“मग मोजू नका, बरकत जाते.”

“मोजत नाय. बगतो.”

जैनूभाई माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, ह्यांना मांगासारखंच बसवा. तोंड तिकडे करून.” तुझे पप्पा इतके हसले की एका प्रतीवर डिंक सांडला. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे.

कड कापताना दर पानाची एक बारीक पट्टी खाली पडत होती. पायाशी ढीग. मी सहज एक उचलली. पुलाच्या पानाची डावी कड होती. त्या कडेला उभी काळी रेघ आहे ना, ती साप्ताहिकाच्या छपाईत मला विजेचा खांब वाटली होती. उलट्या पुस्तकात ती डिंकात गेली होती, दिसतच नव्हती. पट्टीवर मात्र स्वच्छ दिसली. खांबाला चष्मा होता. खांद्याला शबनम होती. लांब जाणाऱ्या भामाकडे तो बघत उभा होता. हात वर केलेला. थांबवायला की निरोपाला, हे तू भुवईतही दाखवलेलं नाहीस.

म्हणजे शेवटच्या पानावर तिच्यामागे कुणीतरी होतं तर. त्याने काही विचारलं नाही एवढंच.

नव्या बांधणीत तो कापला गेला आहे. जैनूभाई म्हणाले, दोन सूत अलीकडे कापू का, माणूस वाचेल. पण मग जुना डिंक राहून पानं धड सुटली नसती. मी म्हटलं, कापा. एक पट्टी खिशात घातली. बाकीच्या रद्दीत गेल्या. लेखकांचं तिथेच जायचं असतं.

कव्हर नवीन करावंच लागलं. तुझ्या नावापुढे कुठलं आडनाव घालायचं, असं प्रेसवाल्या पोराने विचारलं. तुझे पप्पा आणि मी, दोघांनीही आपलं पुढे केलं नाही. नुसतं ‘पूर्वी’ छापलं आहे. आधी तुझं, खाली माझं. कुणी विचारलं तर सांग, अक्षरांच्या मापामुळे.

सत्यजीतला सरळ प्रत दिली आणि उलट्या प्रतीबद्दलचं खरं सांगितलं. त्याने शेवटचं पान पाहिलं, “अच्छा,” म्हणाला. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “शनिवारी वकिलाकडे जाऊन सही करून येतो.” प्रत घेऊन गेला. ती वाचली की नाही ते मी विचारणार नाही.

आभाला एक प्रत पोचवली. तिने उघडली आणि म्हणाली, “काका, आता मला उलटं पडणार.” ग्रंथालयाची प्रत मी स्वतः जाऊन रंगवायच्या पुस्तकांतून काढली आणि तिच्याजागी सरळ प्रत अभ्यासिकेत पंख्याखालच्या टेबलावर ठेवून आलो. गठ्ठे विकायला गेले. संडासाचं दार पूर्ण उघडतं. लोकशाही सावरली आहे.

तुला थांब म्हणायला हे पत्र नाही. उद्या गाडी किती वाजताची तेही मी विचारलेलं नाही, आणि तुझे पप्पा आपणहून सांगायला लागले तेव्हा कानात बोटं घातली. तिकडे ज्यांच्याबरोबर काम करशील त्यांचे शब्द खोडताना जरा दया दाखव. सगळेच माझ्यासारखे निगरगट्ट नसतात.

आणखी एक. दुकानात शेवटच्या दिवशी तुझ्या आईने दोघांपुरता डबा पाठवला होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. तुझ्या पप्पांनी जेवून हात धुतले आणि बुलेटला किक मारून निघून गेले. डबा राहिला माझ्याकडे. घासून पुसून ठेवला तेव्हा झाकणावरचं नाव दिसलं, तुझ्या हळदीत आहेर म्हणून आलेल्या भांड्यांपैकी तो. मी तो तसाच पिशवीत घालत होतो. सुनंदाने हातातून काढून घेतला. “रिकामा देतात का कुणी?” एवढंच म्हणाली, आणि शेंगदाण्याची चटणी दाबून दाबून भरली. तुला आवडायची ती, जास्त लसणाची. हे तिने म्हटलं नाही, लसूण सोलताना मी पाहिलं. तुझ्या आईने त्यातली थोडी तुझ्या बॅगेत घातली तर सुनंदाला कळवू नकोस. तिला माहीत आहे.

पुस्तक, हे पत्र आणि डबा एकाच पिशवीत घालून मी आत्ता पूल ओलांडून चालत येतो आहे. गेटच्या खांबावर ठेवीन. बेल वाजवणार नाही, तुमची बांधाबांध चालू असेल.

आईला सांग, डबा परत केला.

उदयसिंह